घाटातली सायकल : गुडघे, खांदे आणि छाती

आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी दिवाळीनंतर गिअरची सायकल घेतली. वय एकसष्ट, रक्तदाब थोडा वाढलेला, डॉक्टरांनी व्यायामाचा सल्ला दिलेला. आठव्या दिवशी सर लंगडत आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "सायकलने गुडघे जातात म्हणतात, ते खरंच दिसतंय हो. विकून टाकू का?" मी त्यांना सायकल घेऊन यायला सांगितले. पाहतो तर सीट इतकी खाली, की पायडल वर आले की गुडघा पोटाला लागावा! दोन्ही पाय जमिनीला टेकले म्हणजे पडायची भीती नाही, या हिशेबाने दुकानदाराने ती तशी बसवून दिली होती.

गुडघा फार दुमडलेल्या अवस्थेत जोर लावला की त्याची वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. एका फेरीत हा दाब जाणवत नाही. पण तासाभरात पायडलच्या चार-पाच हजार फेऱ्या होतात, आणि मग गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. सीटची उंची ठरवण्याची जुनी रीत अगदी सोपी आहे. भिंतीला धरून सायकलवर बसावे, पायडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. दुखणे गुडघ्याच्या मागच्या बाजूला असेल, किंवा बसल्यावर कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल, तर सीट उलट जास्त वर गेली असे समजावे आणि अर्धा बोट खाली घ्यावी. सरांची सीट आम्ही चार बोटे वर केली. थांबताना सीटवरून पुढे उतरून मगच पाय टेकायचा, हे शिकायला त्यांना दोन दिवस लागले.

त्यांची दुसरी चूक बहुतेक सर्वांचीच असते. जड गिअर टाकून दणादण जोर लावला म्हणजे व्यायाम होतो, असा समज आहे. प्रत्यक्षात हलक्या गिअरवर मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्या मारणे गुडघ्यांना सोसते आणि हृदयालाही चांगले. पुढची चकती लहान आणि मागची मोठी, हा चढाचा गिअर. तो चढ सुरू होण्याआधी टाकायचा. चढाच्या मध्यावर सगळा जोर पायडलवर असताना गिअर बदलला तर चेन उतरते, कधी तुटतेही, आणि माणूस दांडीवर आपटतो. ते कुठे लागते हे सांगायला नको.

मी काही डॉक्टर नव्हे. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होतो. १९९४ साली पहिली जाड टायरची सायकल घेतली, तेव्हापासून रविवारची सकाळ डोंगरात जाते. त्र्यंबक-नाशिक हा तीस किलोमीटरच्या आतबाहेरचा रस्ता. नाशिकहून येणाऱ्याला तो सपाट वाटतो, पण पाय सांगतात की आपण सारखे थोडे थोडे चढतो आहोत. खरी परीक्षा त्र्यंबकच्या आसपासच्या चढांवर. जव्हारच्या रस्त्यावर तोरंगण घाट, घोटीच्या रस्त्यावर पहिने, आणि अंजनेरी फाट्यावरून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाणारा तो दम काढणारा चढ. (पायथ्याच्या पुढे, वर पठारावर सायकल नेऊ नये ही विनंती. कंदीलपुष्पाच्या एका जातीला अंजनेरीचेच नाव मिळाले आहे. असली फुले चाकाखाली घालण्यासाठी नाहीत.)

सायकलच्या बाबतीत आपला जिल्हा आता मागे नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ साली नाशिकचेच लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्याने पुरी केली. त्यांचा पराक्रम मोठाच. पण अशा बातम्या वाचून पन्नाशीतली माणसे पहिल्याच महिन्यात घाटाला भिडतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. तीस वर्षांत मी जे काही शिकलो त्यातले निम्मे सायकलवरून वेळेवर उतरण्याविषयी आहे, आणि तेच शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

चढावर माणूस दमतो, पण मोडतो तो उतारावर. डोंगरातल्या सायकलचा जन्मही उतारावरच झाला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. त्या भागातली पोरे १९७० नंतरच्या दशकात जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर चढवत आणि कच्च्या रस्त्याने सुसाट खाली येत. १९७६ पासून एका उतारावर तर त्यांच्या शर्यतीच सुरू झाल्या. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे, पायडल उलटे दाबले की लागणारा. तीन-साडेतीन किलोमीटरच्या त्या उतारात तो इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच पडले 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरा! याच मंडळींच्या खटपटीतून आजची गिअरची डोंगरी सायकल तयार झाली, आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये तिची शर्यतही झाली.

ब्रेक तापण्याची ती गोष्ट आपल्या तोरंगण घाटालाही लागू आहे. रबरी ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते आणि आतली ट्यूब फुटू शकते. उतारावर पुढची ट्यूब फुटणे म्हणजे काय, याची कल्पना करा. म्हणून ब्रेक दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. लांब घाटात मध्येच एकदा थांबून चाकाला निवू द्यावे. डिस्क ब्रेकवाल्यांनी थांबल्यावर चकतीला बोट लावून पाहण्याचा मोह आवरावा, चटका बसतो. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर ब्रेक करकचून दाबला की चाक घसरते. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण काहींना उलट असतो. मित्राची सायकल घेतली तर हे आधी पाहून घ्यावे. पुढचा ब्रेक जास्त ताकदीचा, पण तो एकटाच दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. दोन्ही ब्रेक एकदम, एक-दोन बोटांनी, हळूहळू दाबायचे. कच्च्या उतारावर सीट थोडी खाली घ्यावी, दोन्ही पायडल एका पातळीत ठेवून त्यांवर अर्धवट उभे राहावे, ढुंगण मागे न्यावे आणि कोपरे सैल ठेवावी. नजर जिथे जायचे तिथे. खड्ड्याकडे बघत राहिले की सायकल हमखास खड्ड्यातच जाते.

हे सगळे मला २००९ च्या पावसाळ्यातही ठाऊक होते. पहिनेच्या उतारावर रस्त्याच्या कडेने ओहोळ वाहत होता, तिथे हिरवे शेवाळ धरले होते. बरोबरची पोरे पुढे निघून गेली म्हणून मीही वेग सोडला नाही. समोर गाय आली, मी पुढचा ब्रेक दाबला आणि उजव्या खांद्यावर पडलो. कडकन आवाज आला. हसळीचे, म्हणजे गळ्याखालचे आडवे हाड मोडले होते. सायकलवरून पडणाऱ्यांचे हे हाड फार वेळा मोडते, कारण सगळा भार खांद्यावर किंवा टेकलेल्या हातावर येतो. जमलेल्यांपैकी एक गृहस्थ खांदा चोळून 'बसवून' द्यायला निघाले. मी ओरडलो म्हणून वाचलो. मोडलेल्या हाडाला मालीश कधीच करू नये. टोकाने आतली शीर किंवा नस दुखावू शकते. हात कोपरात दुमडून छातीशी घ्यावा, उपरण्याने किंवा ओढणीने गळ्यात बांधावा आणि फोटो काढून घ्यायला जावे. त्या दिवशी हेल्मेट दगडावर आपटून तडकले. डोके शाबूत राहिले. एकदा असा मार खाल्लेले हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते, बाहेरून धड दिसत असले तरीही. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर, आडवे बसले पाहिजे. पुष्कळ जण ते टोपीसारखे मागे सारून घालतात, मग कपाळ उघडेच. आणि डोक्याला मार लागलेला माणूस 'ठीक आहे' म्हणाला तरी त्याला एकटे सोडू नये. वाढती डोकेदुखी, उलटी, झापड, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर तडक रुग्णालयात न्यावे.

खरचटण्याविषयी थोडक्यात. जखम भरपूर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी. हळद, माती, पेट्रोल काही लावू नये. रस्त्यावरच्या शेणमातीत लागलेले असेल आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर ते पुन्हा घ्यावे. वाडीवस्तीवरची कुत्री मागे लागतात, तेव्हा जोर मारून पळू नये. खाली उतरून सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून चालू लागले की बहुधा त्याचा उत्साह संपतो. चावलेच तर जखम पंधरा मिनिटे साबणपाण्याने धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. 'पाळीव आहे, ओळखीचे आहे' यावर विसंबू नये. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही सहा जण अंजनेरीचा चढ चढत होतो. वाटेत मिसळ झालेली. माझ्याच कारखान्यातला सत्तेचाळीस वर्षांचा एक मित्र मागे पडला. वळून पाहिले तर तो दगडावर बसलेला, हुडहुडी भरेल अशा थंडीत अंगाला घाम, हात छातीवर. म्हणाला, "मिसळीने पित्त झालंय, तुम्ही व्हा पुढे." एकाने खिशातली पित्ताची गोळी दिली. आम्ही थट्टासुद्धा केली. यात वीस मिनिटे गेली. मग त्याचा डावा जबडा दुखू लागला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खालून जीप बोलावून त्याला नाशिकला नेले. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. ती उघडली, मित्र वाचला. नंतर त्याने कबूल केले की आधीचे दोन आठवडे जिना चढताना छाती आवळल्यासारखी व्हायची आणि थांबले की बरे वाटायचे. रविवार चुकू नये म्हणून तो कोणाला बोलला नव्हता.

श्रमाने येणारे आणि थांबल्यावर जाणारे छातीचे, जबड्याचे किंवा हाताचे दुखणे पित्ताचे समजू नये. असे एकदा जरी झाले तरी सायकल भिंतीला लावून डॉक्टरांकडे जावे. दुखणे थांबत नसेल, घाम फुटला असेल, तर रुग्णाला चालवू नये, सायकल तर मुळीच चालवू देऊ नये. १०८ ला फोन करावा. चाळिशीनंतर, विशेषतः मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घरात हृदयविकार असणाऱ्यांनी घाटाला हात घालण्याआधी तपासून घेतलेले बरे. चढताना शेजारच्याशी एक पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर आपण शरीराच्या ऐपतीबाहेर गेलो आहोत. खाली उतरून ढकलत चालावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर वाटेत एकदम खाली येऊ शकते. हातपाय थरथरणे, भलताच घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची खूण. खिशात साखर किंवा गूळ ठेवावा आणि तो उतरून खावा.

पाण्याचे म्हणाल तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तेही घोट घोट. उन्हाळ्यात दोन तासांच्या वर जायचे असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ याहून जास्त नको. बरोबर राजगिऱ्याची चिक्की किंवा दोन केळी पुरतात. करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होत असेल तर हँडलवर फार भार पडतो आहे, ते थोडे वर घ्यावे आणि हाताची जागा बदलत राहावी.

सरांचे गुडघे आता दुखत नाहीत. तपासणी करून घेतली, औषध चालू आहे. आठवड्यातून तीन दिवस ते अंजनेरी फाट्यापर्यंत जाऊन येतात. पायथ्याचा चढ त्यांनी परवा पहिल्यांदा केला, त्यात चार ठिकाणी उतरून सायकल ढकलली. वर मी आणि थर्मासमधला चहा त्यांची वाट पाहत होतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी वाटा माणसांनी फुलून जातात. त्या दिवशी सायकली घरी ठेवून आम्ही दोघे पायीच निघणार आहोत.