वळणात बाइक जड वाटतेय? आधी टायरची हवा बघा!
२०२५च्या कतार मोटोजीपीत मॅव्हरिक विन्यालेस दुसरा आला, पण पुढच्या टायरमधला दाब किमान मर्यादेखाली राहिल्याने १६ सेकंदांचा दंड बसून थेट १४वा ठरला. आपल्याला दंड नाही, पण बाइक दाखवतेच. पुढे हवा कमी असेल तर हँडल जड होतं, बाइक आळसावून वळते. जास्त असेल तर टायर रस्त्याला कमी टेकतो, प्रत्येक खड्डा हातात येतो. योग्य आकडा मॅन्युअलमध्ये सापडेल. टायरच्या कडेवर छापलेला दाब हा कमाल मर्यादेचा, तो भरू नका. मोजायचं टायर थंड असताना. पंपापर्यंत दामटलेल्या बाइकचा आकडा चढलेलाच दिसणार. तो पाहून हवा सोडलीत, तर सकाळी टायर नरम! म्हणून खिशात मावणारा गेज घ्या, घरीच तपासा.