डोरीचा पहिला घास

'फाइंडिंग डोरी' हा सिनेमा जून २०१६ मध्ये आला. तेव्हाची माझ्या मते खरी मोठी बातमी सिनेमाच्या पानावर आलीच नाही. जुलै २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या रस्किन इथल्या प्रयोगशाळेने जाहीर केलं, की ब्लू टँगची, म्हणजे डोरीच्या जातीची, पिल्लं टाकीत जन्मली आणि टाकीतच वाढली. तोवर दुकानात दिसणारा ब्लू टँग म्हणजे समुद्रातून पकडलेलाच मासा.

घोडं अडलं होतं ते पिल्लाच्या पहिल्या घासापाशी. क्लाउनफिशचं सोपं असतं. मादी खडकाला अंडी चिकटवते, नर राखण करतो आणि आठवडाभराने निघणारं पिल्लू रोटिफर गिळण्याइतकं मोठं असतं. हा सूक्ष्मजीव घरच्या बादलीतही वाढवता येतो. दहा-पंधरा दिवसांत पिल्लावर पांढरे पट्टे उमटू लागतात. ब्लू टँगची अंडी मात्र उघड्या पाण्यात सुटतात, त्यातून निघणाऱ्या पिल्लाचं तोंड इतकं बारीक की सुरुवातीला रोटिफरसुद्धा मोठा पडतो. त्याला कोपेपॉड या सूक्ष्म जीवाची नुकती जन्मलेली पिल्लं लागतात. जिवंत, रोज आणि भरपूर. म्हणजे एक मासा वाढवण्याआधी त्याच्या अन्नाची शेती उभी करायची. ही चिकाटी मला कुठल्याही सिनेमापेक्षा थरारक वाटते.

पण पैदास जमली म्हणून समुद्रातली पकड थांबत नाही. इंडोनेशियाचा बंगाई कार्डिनलफिश बघा. याचा नर अंडी तोंडात सांभाळतो आणि पिल्लं तयार होऊनच बाहेर पडतात. टाकीत वाढवायला इतका सोयीचा समुद्री मासा विरळाच. तरीही २००७ मध्ये तो 'आययूसीएन' या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त ठरला, कारण मूळ अधिवास बंगाई बेटांपुरता आणि पकडलेला मासा स्वस्त. फिलिपिन्स-इंडोनेशियात तर सायनाइड फवारून मासे गुंगवण्याचा बेकायदा प्रकार वर्षानुवर्षं चालत आला आहे; त्यात आसपासचे प्रवाळही मरतात. तो स्वस्त दर नेमका कोण चुकवतं, हे टाकी सजवणाऱ्याने विचारलंच पाहिजे.

दुकानात 'टँक-रेझ्ड' एवढ्यावर समाधान मानू नये. समुद्रातून पिल्लू आणून टाकीत मोठं केलं तरी तसंच सांगितलं जातं. जन्म टाकीतला आहे का, हे विचारावं आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावं. नवख्याने क्लाउनफिशच्या जोडीपासून सुरुवात करावी. टाकीत जन्मलेला मासा दाणेदार खाद्य लवकर स्वीकारतो, त्याला माणसाची सवय असते. ब्लू टँग फूटभर वाढतो आणि सतत पोहतो. दिवाणखान्यातल्या छोट्या टाकीत तो ठेवूच नये, जन्म कुठलाही असो.

आपल्याकडेही ज्ञान आहे. मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास केव्हाच साधली. ऐरोलीलाही मँग्रोव्ह फाउंडेशनची शोभिवंत सागरी माशांची हॅचरी आहे. किनाऱ्यावरच्या कुटुंबांना जोडधंदा देणारं हे काम गावोगाव पोहोचायला हवं, आणि त्यासाठी शहरातल्या गिऱ्हाइकाने थोडे जास्त पैसे मोजायला हवेत.

समुद्री घोडा आणि कठीण प्रवाळ यांच्याबाबत तर निवडीचा प्रश्नच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहेत. काउंटरवर विकायला ठेवलेले दिसले तर वनविभागाला फोन करावा.