सासरची फाइल, माहेरचं बाळंतपण

फॅमिली डॉक्टरांनी बाळंतपणं करणं सोडलं, हे बरंच झालं. पण त्याबरोबर त्यांनी गरोदर बाईही सोडून दिली, हे काही बरं झालं नाही.

पूर्वी तालुक्याच्या गावी डॉक्टर दवाखान्यामागच्या खोलीत दोन खाटा टाकून बाळंतपणं करत, रात्री-अपरात्री पेटी घेऊन घरीही जात. बहुतेक बायका सुईणीच्या हातून मोकळ्या होत. एखादी अडली की डॉक्टरांना बोलावणं जाई. त्या काळाबद्दल हळवं होण्यात अर्थ नाही. हाताशी रक्त नसे, भूलतज्ज्ञ नसे. लवकर सुटका व्हावी म्हणून टोचलेल्या कळांच्या इंजेक्शनाने गर्भाशय फाटण्याचाही धोका असे.

१९९२-९३च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली जेमतेम २६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१च्या पाचव्या पाहणीत हा आकडा ८८.६ टक्क्यांवर गेला, महाराष्ट्रात ९४.७ वर. त्यामागे २००५ची जननी सुरक्षा योजना आहे, आशाताईंची पायपीट आहे, १०८ची गाडी आहे. २०१८-२०च्या नोंदीनुसार महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा ९७ होता. हे यश मोठं आहे.

डॉक्टर मागे सरले त्याला कारणंही होती. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. सोनोग्राफी रूढ झाली आणि बाई पहिल्या महिन्यांतच तज्ज्ञाकडे जाऊ लागली. ‘आता तिथेच दाखवा’ म्हणणं डॉक्टरांना सोयीचं होतं आणि घरच्यांनाही प्रतिष्ठेचं वाटलं.

पण बाळंतपण एका दिवसाचं. त्याच्या आधी नऊ महिने आणि नंतर सहा आठवडे कोण बघतं? पाचव्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्तक्षय होता. लोहाची गोळी सुरू होते, मळमळतं, शौचाला कडक होतं, बाई गोळ्या डब्यात टाकून देते. तज्ज्ञाकडे तिला चार मिनिटं मिळतात. तेवढ्यात ही गोष्ट निघत नाही. सासूच्या मधुमेहापासून धाकट्या दिराच्या खोकल्यापर्यंत सगळं ठाऊक असलेल्या डॉक्टरांसमोर ती सहज निघाली असती.

त्यात आपली माहेरची रीत. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी येते. तिथल्या प्रसूतिगृहात नाव घातलेलं असतं. पण आधी एकदा पोट पडलं होतं, थायरॉइडची गोळी चालू आहे, दुसऱ्या महिन्यात रक्तदाब किती होता, हे सगळं सासरच्या डॉक्टरांकडे राहतं. दोन डॉक्टरांमध्ये साधी चिठ्ठीही जात नाही. पुढे ती बाळ घेऊन परतते, तेव्हा टाके, रक्तस्राव, रात्र रात्र न लागणारी झोप यांतलं काहीच सासरी कुणाच्या कागदावर नसतं. रीत मोडा असं मी म्हणणार नाही, पहिलटकरणीला आई जवळ हवीच. पण ही रीत चालते हे ठाऊक असूनही तिच्यासाठी कागद कुणी केला नाही, याचं मला नवल वाटतं.

जामखेडला १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं तेव्हा गावातल्याच बायकांना गरोदरपण बघायला शिकवलं. शाळा न पाहिलेल्या त्या बायका धोक्याची लक्षणं ओळखत आणि वेळेत पुढे पाठवत. सुरी हातात न घेताही बाळंतपणाची राखण करता येते, हे त्यांनी दाखवून दिलं. पदवीधर डॉक्टरांना ते जड जाऊ नये.

सिझेरियनच्या वेळीही फॅमिली डॉक्टरांची उणीव जाणवते. पाचव्या पाहणीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. यातलं आवश्यक किती, हे तज्ज्ञांनाच ठाऊक. पण कुटुंबाच्या बाजूने ‘का?’ एवढं विचारणारा ओळखीचा माणूस आता उरलेला नाही.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही रक्तदाब एकाएकी चढू शकतो, झटके येऊ शकतात. आणि नेमकं दीड महिन्याचं बाळ लसीसाठी त्याच फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावर येतं. बाळाचं वजन होतं, डोस दिला जातो, पुढची तारीख कार्डावर पडते. आई शेजारच्याच स्टुलावर बसलेली असते. रक्तदाबाचा पट्टा तिच्या दंडाला बांधायला दोन मिनिटं लागतील.