जुनी डिझेल जेटा घ्यावी का?



आपल्या मंडळाचा गणपती असो की उन्हाळ्यातली सहल, दर वेळी कोणीतरी हमखास विचारते, "मुलाला कॉलेजात जायला फोक्सवॅगनची जुनी डिझेल जेटा मिळते आहे. दोन लाख मैल झालेत, पण विकणारा म्हणतो अजून तेवढीच जाईल. घेऊन टाकू का?" हातात जेवणाची ताटली धरून, उभ्या उभ्या या प्रश्नाचे नीट उत्तर देता येत नाही. म्हणून आम्ही ते इथे सविस्तर देत आहोत. थोडक्यात सांगायचे तर विकणारा खोटे बोलत असेलच असे नाही. हे इंजिन खरोखरच दीर्घायुषी आहे. पण ते किती जगणार हे मैलांपेक्षा आधीच्या मालकाच्या सवयींवर ठरते, आणि त्या सवयी आपल्याला फक्त सर्व्हिसिंगच्या बिलांत दिसतात.

आपल्या लोकांना डिझेलचे वावडे नाही, हे या मोहाचे एक कारण आहे. भारतात २००७ साली डिझेल स्विफ्ट आली आणि फियाटचे १२४८ सीसीचे छोटे टर्बो-डिझेल इंजिन घराघरांत पोचले. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. पुण्या-नाशिकच्या भावाबहिणींकडून त्याच्या अ‍ॅव्हरेजचे कौतुक आपण ऐकलेले असते. एप्रिल २०२० मध्ये भारतात प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि ते इंजिन तिथे बंद झाले. इथे अमेरिकेत मात्र छोटी डिझेल मोटार नेहमीच विरळा. जी दिसते ती बहुधा फोक्सवॅगनची, मागे "टीडीआय" अशी अक्षरे असलेली. मात्र तीन अक्षरे तीच असली तरी इंजिने तीन वेगवेगळी आहेत, आणि तिघांची दुखणीही वेगळी आहेत.

पहिले : १९९९ ते २००३

हे जेटा, गोल्फ आणि न्यू बीटलमध्ये येत असे. जाणकार त्याला ए.एल.एच. म्हणतात. १८९६ सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. शक्ती फक्त ९० हॉर्सपॉवर. पण ओढ १५५ पौंड-फूट, आणि तीही अवघ्या १९०० फेऱ्यांवर. म्हणून चढावर गिअर न बदलता गाडी निमूट चढते. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. इथे हवा साडेएकोणीस पट दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की डिझेल आत फवारताच पेट घेते. मॅन्युअल गिअरची गाडी हायवेवर गॅलनला ४० च्या पुढे मैल सहज देते. टाकी साडेचौदा गॅलनची, म्हणजे एका टाकीत जवळजवळ सहाशे मैल. आता दुखणी पाहू.

टायमिंगचा पट्टा हे सर्वांत महत्त्वाचे. रांजणगावच्या इंजिनाला साखळी होती, इथे रबरी पट्टा आहे. तो तुटला तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि क्षणात इंजिनाचे काम निघते. सुरुवातीच्या गाड्यांत मॅन्युअलला ६० हजार आणि ऑटोमॅटिकला ४० हजार मैलांवर पट्टा बदलायचा होता. पुढच्या वर्षांत ही मुदत वाढवण्यात आली. पट्ट्याबरोबर त्याचे रोलर, टेन्शनर आणि पाण्याचा पंपही बदलावा, कारण पंप त्याच पट्ट्यावर फिरतो आणि तो अडकला तर नवा पट्टाही तुटतो. कॅम, क्रँक आणि डिझेल पंप जागच्या जागी धरून ठेवायला खास हत्यारे लागतात. कोपऱ्यावरच्या कोणत्याही मेकॅनिककडे ती नसतात. खर्च सहज हजार डॉलरच्या घरात जातो.

दुसरे दुखणे काजळीचे. प्रदूषण कमी व्हावे म्हणून थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडला जातो. त्या धुरातली काजळी आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ एकत्र झाली की हवेच्या नळीत डांबरासारखा थर बसतो. गाडीचा पिकअप हळूहळू जातो, इतका हळू की मालकाला कळतही नाही. २००६ पासून इथल्या डिझेलमधले गंधकाचे प्रमाण दशलक्षाला ५०० भागांवरून १५ वर आणले गेले. तेव्हापासून हा त्रास कमी झाला, पण जुना थर आपोआप जात नाही. नळी काढून साफच करावी लागते.

तिसरे टर्बोचे. या टर्बोत धुराची दिशा बदलणारी लहान पाती असतात. काजळीने ती अडकली की चढावर किंवा ओव्हरटेक करताना गाडी एकदम मवाळ होते, आणि बंद करून पुन्हा सुरू केली की ठीक चालते. हे दुखणे फार जपून चालवणाऱ्यांना जास्त होते. अ‍ॅव्हरेजच्या हौसेने अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न देणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे! इंजिन पूर्ण तापल्यावर अधूनमधून हायवेवर त्याला मोकळेपणाने पळवणे, हे त्याचे औषध आहे.

याशिवाय हवा मोजणारा सेन्सर बिघडून पिकअप जातो, आणि ग्लो प्लग किंवा त्यांच्या वायरी गेल्या की थंडीत सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुरते. ही कामे तुलनेने स्वस्तातली आहेत.

दुसरे : २००४ ते २००६

सीसी तेवढेच, शक्ती १०० हॉर्सपॉवर. पण इथे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पंप-इंजेक्टर आहे आणि तो कॅमशाफ्टच दाबतो. त्यासाठी कॅमवर जागा हवी म्हणून व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे अरुंद केले गेले. अरुंद उंचवट्यावर भार जास्त, म्हणून ते झिजतात. झिजलेला कॅम खालच्या टॅपेटला भोकसुद्धा पाडतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे तेल. फोक्सवॅगनच्या ५०५.०१ या मानकाचे तेल याला हवे. दुकानात स्वस्त मिळाले म्हणून ओतलेले कोणतेही तेल इथे चालत नाही. घेण्यापूर्वी हेडचे वरचे झाकण काढून कॅम डोळ्यांनी पाहून घ्यावा.

तिसरे : २००९ ते २०१५

हे दोन लिटरचे, १४० हॉर्सपॉवरचे. शांत, ताकदवान, चालवायला सर्वांत सुखाचे. शेवटच्या वर्षी याची १५० हॉर्सपॉवरची नवी आवृत्ती आली. याचे महागडे दुखणे म्हणजे उच्च दाबाचा डिझेल पंप. काही गाड्यांत हा पंप आतून झिजला आणि धातूचा कीस पूर्ण इंधनव्यवस्थेत पसरला. मग पंप, इंजेक्टर आणि नळ्या सगळेच बदलावे लागते आणि बिल अनेक हजारांत जाते. केंद्र सरकारच्या रस्ता सुरक्षा खात्याने, म्हणजे एन.एच.टी.एस.ए.ने, याची चौकशीही केली होती.

याच गाड्यांचे प्रकरण २०१५ च्या सप्टेंबरात गाजले. तपासणीच्या वेळी धूर स्वच्छ आणि रस्त्यावर मात्र नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत, अशी लबाडी सॉफ्टवेअरमध्ये करून ठेवली होती. अमेरिकेत अशा दोन लिटरच्या गाड्या पावणेपाच लाखांहून अधिक निघाल्या. ती लबाडी उजेडात येण्याची सुरुवात झाली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चमूने रस्त्यावर केलेल्या मोजणीतून. त्या चमूत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीय संशोधक होते, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे. २०१६ च्या तडजोडीनंतर कंपनीने बऱ्याच गाड्या परत घेतल्या आणि काही दुरुस्त करून पुन्हा विकल्या. तेव्हा अशी गाडी घेताना ही दुरुस्ती झाली आहे का, हे व्हीआयएन नंबर देऊन डीलरकडून तपासून घ्यावे. १.९ लिटरची जुनी इंजिने या प्रकरणात नव्हती.

हिशेब

आता मूळ प्रश्न. गॅलनला ४० मैल देणारी डिझेल आणि ३० मैल देणारी पेट्रोल गाडी समोरासमोर ठेवू. वर्षाला २० हजार मैल होत असतील तर डिझेल ५०० गॅलन लागेल, पेट्रोल ६६७. म्हणजे १६७ गॅलनची बचत. पण मुलगा वसतिगृहात राहून वर्षाला ५ हजार मैलच चालवणार असेल तर बचत जेमतेम ४२ गॅलनची. त्यात इथे डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महाग. पट्ट्याचे एक काम निघाले की कित्येक वर्षांची बचत गेली. वर छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि काजळी वाढते. तेव्हा रोज साठ-सत्तर मैल हायवेने जाणाऱ्याने ही गाडी आनंदाने घ्यावी. कॉलेजच्या पोराला मात्र साधी पेट्रोलची कोरोला बरी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घ्यायचीच ठरली तर एवढे पाहा :

१. पट्टा कधी, किती मैलांवर आणि कोणी बदलला याचे बिल. बिल नसेल तर पट्टा बदललेलाच नाही असे धरून किंमत ठरवा.

२. तेलाच्या बिलांवर मानकाचा आकडा आहे का.

३. गाडी रात्रभर थंड ठेवायला सांगा आणि सकाळी स्वतः सुरू करून पाहा.

४. हायवेवर चढ गाठून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. ओढ टिकते की मध्येच जाते?

५. टीडीआयची सवय असलेला मेकॅनिक आपल्या गावापासून किती लांब आहे, ते गाडी घेण्याआधी शोधा.

आणि घरातल्या सर्वांना बजावून ठेवा. पेट्रोलची नळी बारीक असल्याने डिझेलच्या टाकीत सहज शिरते. डिझेलचे हँडल बहुतेक ठिकाणी हिरवे असते, पण बीपीच्या पंपांवर पेट्रोलचेही हिरवेच असते. रंग पाहू नका, पाटी वाचा. चुकून पेट्रोल भरलेच तर किल्ली फिरवू नका, गाडी ओढून न्या. टाकी रिकामी करून घेण्याचा खर्च त्यानंतरच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी कमी असतो.

कोणाकडे टीडीआयची कामे नीट करणाऱ्या मेकॅनिकचा पत्ता असेल तर मंडळाकडे जरूर कळवा. आम्ही तो पुढच्या अंकात सर्वांसाठी छापू.