कॉलेजची टीम हरली, तरी खेळाडू पुढे कसा जातो? समजून घ्या विद्यापीठ फुटबॉलचं गणित

अमेरिकेतल्या 'कॉलेज फुटबॉल प्लेऑफ'चे रील्स तुम्ही पाहिले असतील. तो लांबट चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. २०२४ च्या सीझनपासून त्यात १२ संघ खेळतात आणि ते कोणते, हे निवड समिती ठरवते.

आपल्याकडे मात्र संघाला सामने जिंकूनच पुढे जावं लागतं. मग गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाचा, म्हणजेच देसाईगंजचा कॉलेज खेळाडू देशपातळीवर कसा पोहोचतो?

पहिला टप्पा : आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा

इथली कॉलेजं गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न आहेत. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी हे विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी ही कॉलेजं नागपूर विद्यापीठात होती. म्हणजे संघातल्या जागेसाठी नागपूर शहरातल्या खेळाडूंशीही स्पर्धा होती.

या टप्प्यावर कॉलेज हरलं, तर कॉलेजचा सीझन संपतो, खेळाडूचा नाही. कारण विद्यापीठाचा संघ सगळ्या कॉलेजांतल्या खेळाडूंमधून निवडला जातो. त्यामुळे हरलेल्या सामन्यातला चांगला खेळही वाया जात नाही.

दुसरा टप्पा : पश्चिम विभाग

भारतीय विद्यापीठ संघ अर्थात एआययू देशातल्या विद्यापीठांची चार विभागांत स्पर्धा घेते. पश्चिम विभागात महाराष्ट्रासोबत गोवा, गुजरात, राजस्थानची विद्यापीठं असतात. सुरुवातीचे सामने बाद पद्धतीने होतात. एक पराभव आणि थेट घरी! शेवटच्या चार संघांना अखिल भारतीय स्पर्धेचं तिकीट मिळतं. म्हणून इथला उपांत्यपूर्व सामना फायनलइतकाच मोठा.

तिसरा टप्पा : अखिल भारतीय

चार विभागांतले प्रत्येकी चार, असे १६ संघ इथे भिडतात. त्यातले आठ खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेला पात्र ठरतात. २०२० मध्ये ही स्पर्धा पहिल्यांदा भुवनेश्वरला झाली.

खेळाडूने काय करावं?

वयाची अट साधारण १७ ते २५ वर्षं आहे आणि नियमित प्रवेश लागतो. त्यामुळे हातात मोजकेच सीझन असतात. प्रवेश घेतानाच कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना भेटा, दहावी-बारावीची कागदपत्रं तयार ठेवा. मुलींची स्पर्धा वेगळी होते, तिचीही चौकशी करा. निवडीची तारीख हुकली, तर वर्ष हातचं जातं.