पोटातल्या पेशींचा बांध फुटू देऊ नका!

जयंतीच्या मिरवणुकीत सर्वांच्या पुढे असणारा आमच्या वस्तीतला एक तरुण, दोन लेकरांचा बाप, यकृताच्या आजाराने गेला. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झाले, तेव्हा दवाखाना आठवला. त्याची पत्नी मला म्हणाली, "दादा, हे आधी कुणी का नाही सांगितलं?" म्हणून हा लेख.

भाटघरचे धरण आपण सर्वांनी पाहिले आहे. पावसाळ्यात वेळवंडी नदीचे पाणी वाढून धरण भरले की त्याचे 45 स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडू लागतात आणि धरणावरचा भार कमी होतो. आपल्या जठर, आतडे व यकृतातील पेशींतही अशीच सोय आहे.

पेशी हा प्रथिने बनविणारा कारखानाच. प्रथिनाची घडी नीट बसली तरच ते कामाचे. दारू, तंबाखू, रोगजंतू यांचा मारा झाला की बिघडलेला माल साचतो. हाच पेशीवरील ताण. मग पेशी नवे उत्पादन कमी करते, बिघडलेले दुरुस्त करते, टाकाऊ मोडीत काढते. या मोडणीच्या संशोधनासाठी जपानचे योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण मारा थांबलाच नाही तर पेशी मरते. तिथे सूज येते, व्रण पडतो.

जठरातील व्रणाला केवळ काळजी किंवा तिखट कारणीभूत नसते. अनेकदा एक जंतू असतो. हे दाखविणारे ऑस्ट्रेलियाचे मार्शल व वॉरेन यांना 2005 चे नोबेल मिळाले. योग्य औषधांनी हा जंतू जातो. दुसरे कारण वेदनाशामक गोळ्या. भगिनींनो, भातलावणीहून आल्यावर कंबर दुखते म्हणून रोज मनाने गोळी घेऊ नका. या गोळ्यांनी जठराचे संरक्षक अस्तर दुबळे होते.

दारूचे विष पचविण्याचे काम मुख्यतः यकृताचे. आधी त्यात चरबी साचते. या टप्प्यावर दारू सोडली तर यकृत बहुधा पूर्ववत होते. पुढे ते निबर झाले की गेलेले सर्व परत येत नाही. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच दारू सोडावी. एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात.

शौच डांबरासारखे काळे होणे, रक्ताची उलटी, डोळे पिवळे होणे, पोट फुगणे यांपैकी काही दिसले तर अंगारा-धुपारा नको, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. वंदनेत ते आपण तोंडाने म्हणतो. आता ते घराघरांत पाळू या. त्या दोन लेकरांसारखी वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये.

जयभीम! नमो बुद्धाय!