दरड कोसळल्यावर धावून जाणाऱ्यांचा जीव कोण सांभाळणार? पावसाळ्याआधी गावानं ठरवायच्या गोष्टी

शिनोली (ता. आंबेगाव) : डोंगर खचला, पूर आला, विहिरीत कुणी पडलं की आपल्याकडं माणसं हातातलं काम टाकून धावतात. ही आपल्या गावांची चांगली सवय आहे. पण धावून गेलेलाच अडकला, तर वाचवायची माणसं वाढतात आणि वाचवणारे हात कमी होतात. एनडीआरएफचे जवान, अग्निशमन दल, डॉक्टर, वायरमन, तलाठी, आशाताई, संस्थांचे कार्यकर्ते आणि गावची पोरं, या सगळ्यांना सुखरूप परत आणणं हासुद्धा मदतकार्याचाच भाग आहे. ते काम कसं चालतं आणि त्यात गावाचा वाटा किती, ते समजून घेऊ.

माळीणनं काय शिकवलं

३० जुलै २०१४. श्रावण नुकताच लागला होता. सकाळी माळीणवर डोंगर आला आणि चाळीसहून जास्त घरं चिखलाखाली गेली. नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेर बातमी गेली. १५१ माणसं गेली. तळेगावहून एनडीआरएफच्या तुकड्या आल्या आणि आठवडाभर शोधकाम चाललं.

त्या आठवड्यात काम करणाऱ्यांच्या डोक्यावर तोच भिजलेला डोंगर होता. पाऊस थांबत नव्हता. पायाखाली गुडघाभर चिखल, त्यात पत्रे, वासे, वायरी. वर जायला अरुंद रस्ता. त्याच रस्त्यानं जवानांच्या गाड्या, पोकलेन, रुग्णवाहिका, मदतीचे टेम्पो, पुढाऱ्यांचे ताफे आणि नुसतं बघायला आलेल्यांच्या गाड्या. मंचर, घोडेगाव, शिनोली, डिंभे हा रस्ता ज्यांच्या दारावरून जातो त्यांना ते दिवस वेगळे सांगायला नकोत.

म्हणून ही बाब फक्त डोंगरातल्या वाड्यांची नाही. रस्त्यावरच्या गावांचीही आहे.

मदतीला गेले आणि परत आले नाहीत

राज्यातल्याच काही घटना बघा. प्रत्येकीत धोका वेगळा आहे.

• वाकडी, ता. नेवासा. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. बायोगॅसच्या शेणाच्या खड्ड्यात मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण मात्र वर ओढता आला आणि वाचला.

• सुगाव, ता. अकोले. मे २०२४ मध्ये प्रवरा नदीत बुडालेल्यांना शोधताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट भोवऱ्यात उलटली. दलाचे तीन जवान गेले. पोहता येतं, बोट आहे, प्रशिक्षण आहे, तरी नदीनं ऐकलं नाही.

• इर्शाळवाडी, ता. खालापूर. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. वर जायला गाडीरस्ता नाही. अंधारात, पावसात डोंगर चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकारानं मृत्यू झाला. दरडीपर्यंत पोहोचायच्या आधीच.

• ब्रह्मनाळ, ता. पलूस. ८ ऑगस्ट २०१९, कृष्णेचा महापूर. गावातून माणसं बाहेर काढणारी ग्रामपंचायतीची बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. डझनाहून जास्त जीव गेले.

गॅस, पाणी, चढण, जादा माणसं. या चारही ठिकाणी माणसांच्या हिमतीत काही कमी नव्हतं. अशा वेळी "थांबा" म्हणणारा एक माणूस आणि त्याचं ऐकायची रीत लागते.

हुकूम एकाचाच

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१० मध्ये 'इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टीम' नावाची पद्धत घालून दिली. तालुक्यात आपत्ती आली की प्रांत किंवा तहसीलदार घटनाप्रमुख असतात. पोलीस, आरोग्य, महावितरण, बांधकाम, वन, एनडीआरएफ, संस्था, सगळ्यांनी त्यांच्याशी जोडून काम करायचं.

या पद्धतीत सेफ्टी ऑफिसर, म्हणजे सुरक्षा अधिकारी, हे वेगळं पद आहे. ढिगारा उपसणं किंवा धान्य वाटणं हे त्याचं काम नाही. कामावरच्या माणसांना कशाचा धोका आहे, एवढंच त्यानं बघायचं. धोका दिसला तर काम थांबवायचा अधिकार त्याला आहे. ढिगाऱ्याखालून आवाज येत असताना "बाहेर या" म्हणणं फार कठीण. म्हणूनच ते काम खोदणाऱ्याकडं ठेवत नाहीत, बाजूला उभ्या असलेल्याकडं देतात.

पहिले काही तास मात्र अधिकारी पोचलेले नसतात. तेव्हा गावानंच एक माणूस ठरवावा. पोलीस पाटील असेल, निवृत्त फौजी असेल, आपदा मित्राचं प्रशिक्षण घेतलेला पोरगा असेल. अधिकारी आले की त्यानं किती माणसं कुठं कामाला आहेत ते सांगून सूत्रं त्यांच्या हाती द्यायची.

वहीत नाव नसेल तर आत नाही

सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे दहा रुपयांची वही. धोक्याच्या जागेत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, मोबाईल, रक्तगट, आत गेल्याची वेळ आणि बाहेर आल्याची वेळ लिहायची. दुसऱ्यांदा दरड आली, तर आत किती जण होते हे वहीच सांगते. वही नसेल तर बाहेर सुखरूप बसलेल्या माणसाला शोधायला चार जण पुन्हा ढिगाऱ्यात जातात.

एकट्यानं आत जायचं नाही. जोडीनं जायचं, जोडीनं यायचं. पाळी संपली की बाहेर येऊन नाव लावायचं, मग चहा. दमलेला माणूस चुकतो, म्हणून पाळ्या लावायच्या. रात्रीच्या कामाला उजेड नसेल तर आत कुणाला सोडायचं नाही. महिला कार्यकर्त्या असतील तर मुक्कामाची जागा, शौचालय आणि तिथला दिवा याची सोय दुपारीच करून ठेवायची.

एकाची नजर डोंगरावर

खोदणाऱ्याचं लक्ष खाली असतं. म्हणून एका माणसानं वर बघत उभं राहायचं. त्याच्याकडं फावडं नको, शिट्टी हवी. त्यानं काय बघायचं? जमिनीत नवी भेग, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होणं, वाहता ओढा अचानक आटणं, वरून बारीक दगड सुटणं, जमिनीतून घुमल्यासारखा आवाज. यातलं एक दिसलं तरी शिट्टी.

जगभरातली शोध-बचाव पथकं शिट्टीच्या किंवा भोंग्याच्या ठरलेल्या खुणा वापरतात. त्या आपणही शिकून ठेवाव्यात.

• एक लांब शिट्टी : काम थांबवा, शांत राहा.
• तीन छोट्या शिट्ट्या : लगेच बाहेर पडा.
• एक लांब आणि एक छोटी : काम पुन्हा सुरू.

बाहेर पडायचं म्हणजे कुठं, हेही आधी दाखवून ठेवायचं. दरडीच्या वाटेत किंवा ओढ्यात नाही, बाजूच्या उंच, पक्क्या जागेवर. परत यायची वाट बघून मगच आत जायचं. वायनाडला ३० जुलै २०२४ रोजी, माळीणच्याच तारखेला, दरड आली तेव्हा पूल वाहून गेला आणि पलीकडं जाणं-येणं तुटलं. लष्कराला १९० फुटांचा बेली पूल टाकावा लागला.

ढिगाऱ्याला हात लावण्याआधी वायरमनला फोन करून लाईन बंद झाल्याची खात्री करा. नुसती गावातली लाईट गेली म्हणजे तार मेली असं धरू नका. घोड नदीत कुणी उतरणार असेल, बोट घालणार असेल, तर डिंभे धरणातून पाणी सुटणार आहे का हे पाटबंधारे खात्याला आधी विचारा. विहिरीत, शेणखड्ड्यात दोर आणि वर ओढायला माणसं असल्याशिवाय उतरायचं नाही. गॅसचा संशय असेल तर दोर असला तरी नाही. पथकाची वाट बघायची.

रस्ता मोकळा ठेवणं हे रस्त्यावरच्या गावांचं काम

शिनोली, डिंभे, घोडेगाव इथून पुढं रस्ता डोंगरात शिरतो. वर गाडी अडकली तर वळवायलाही जागा मिळत नाही. म्हणून गाड्या खालीच थांबवायच्या. मोठं मैदान, शाळेचं पटांगण किंवा बाजाराची जागा ठरवायची. मदतीचे टेम्पो तिथं थांबतील, सामान उतरेल, वरून मागणी येईल तेवढंच छोट्या गाडीनं वर जाईल. रुग्णवाहिका आणि यंत्रांना पहिली वाट.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार धोक्याच्या भागात माणसं आणि वाहनं यांना बंदी करायचा अधिकार जिल्हा प्राधिकरणाला आहे. मदतकार्यात अडथळा आणला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्या अडथळ्यामुळं कुणाचा जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत. सेल्फीसाठी वर जाणाऱ्या पाहुण्याला हे सांगायला हरकत नाही.

रेंज नसताना निरोप

पश्चिम पट्ट्यात एरवीच रेंज येते-जाते. दरडीत टॉवर पडला की संपलंच. पोलिसांचं वायरलेस तिथं कामाला येतं. ते येईपर्यंत वेळेची शिस्त पाळायची. वर गेलेल्या तुकडीनं दर अर्ध्या तासानं ठरलेल्या माणसाला खबर द्यायची, फोननं नाही तर माणूस पाठवून. दोन वेळा खबर आली नाही की काहीतरी बिनसलंय असं धरून शोध घ्यायचा. निरोप लिहून द्यायचा. तोंडी निरोप चार माणसांतून गेला की 'दोन जखमी'चे 'दहा गेले' होतात.

लोकांचा राग, अफवा आणि ओळख

मदतीला गेलेल्यांना धोका डोंगराचाच असतो असं नाही. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर बॉम्बहल्ला झाला. तिथले प्रमुख सर्जिओ व्हिएरा डी मेलो यांच्यासह २२ जण मारले गेले. त्यांच्या आठवणीत १९ ऑगस्ट हा जागतिक मानवतावादी दिवस पाळतात. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांनी आपल्या माणसांच्या सुरक्षेसाठी वेगळा विभागच उभा केला.

अशा संस्था एक गोष्ट मानतात. भिंती आणि पहारा लागतोच, पण स्थानिक माणसांनी आपलं मानलं तर निम्मा धोका तिथंच कमी होतो. आपल्याकडंही हे खरं आहे. शिरूर तालुक्यात पिंपरखेडला नोव्हेंबर २०२५ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यात मूल गेल्यावर संतापलेल्या लोकांनी वनविभागाची गाडी पेटवली. त्या घरचं दुःख मोठं आहे, रागही समजतो. पण गाडी जळली की पुढचा पिंजरा कशातून यायचा?

म्हणून बाहेरचं पथक आलं की गावातला एक ओळखीचा माणूस कायम त्यांच्यासोबत द्या. कुणाला काय मिळालं, कोण राहिलं, याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. वाटपात लपवाछपवी झाली की भांडण पहिल्यांदा वाटणाऱ्या पोरांच्या अंगावर येतं. खात्री नसलेला व्हॉट्सॲप मेसेज पुढं ढकलू नका. आपत्तीची खोटी धोक्याची सूचना पसरवून घबराट झाली तर त्याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैद आहे.

अंगावर काय हवं

हेल्मेट, गमबूट, जाड हातमोजे, मास्क, रेनकोट, टॉर्च. चपलेवर ढिगाऱ्यात जायचं नाही, पत्रा आणि खिळा दोन्ही लागतात. धनुर्वाताचं इंजेक्शन, साप चावला तर कुठं न्यायचं, लेप्टोसाठी गोळी घ्यायची का, हे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारूनच. ज्याला रक्तदाब, हृदयाचा त्रास आहे त्यानं चढण चढू नये. खाली स्वयंपाक, वही, गाड्या लावणं, ही कामंही तेवढीच मोठी आहेत. आणि मृतदेह काढणाऱ्या पोरांना नंतर झोप येत नाही. त्यांना घरच्यांनी बोलतं करावं, गरज पडली तर डॉक्टरांकडं न्यावं.

येत्या ग्रामसभेत एवढं ठरवा

१. अधिकारी येईपर्यंत प्रमुख कोण, तो नसेल तर कोण.
२. नोंदवही कुणाकडं राहील.
३. डोंगरावर नजर ठेवणारे दोघे आणि शिट्ट्या.
४. गाड्या थांबवायची जागा.
५. वायरमन, पोलीस ठाणे, आरोग्य केंद्र, तहसील आणि धरण यांचे नंबर फलकावर.
६. दोर, टॉर्च, हेल्मेट, गमबूट कुठं ठेवलेत आणि किल्ली कुणाकडं.
७. गावातून किमान दोघांना आपदा मित्र प्रशिक्षण.

नंबर मोबाईलमध्ये आत्ताच सेव्ह करा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. पावसाच्या आणि आपत्तीच्या सूचनांसाठी 'सचेत' ॲप आणि विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ॲप घेऊन ठेवा.

या यादीतल्या बहुतेक गोष्टींना खर्च नाही. शिट्टी आणि वही तर वाडीवरच्या दुकानातही मिळते. भाताची लावणी सुरू झाली की कुणाला सवड राहत नाही, त्यामुळं त्याआधीची एक संध्याकाळ या कामाला द्या.